गावठी औषध आणि प्रयोगाची कसोटी

पावसाळा सुरू झाला, की शेतात, बांधावर आणि गवताच्या गंजीपाशी सर्पदंशाचे प्रकार वाढतात. दंश झालेल्या माणसास प्रथम कोठे न्यावयाचे, भगताकडे की रुग्णालयात, यावर घरात वाद होतो. आणि त्या वादात जो वेळ जातो तोच अनेकदा प्राणघातक ठरतो. अशा वेळी ग्रामकार्यकर्ता जवळ असूनही लोकांचे मन दुखवू नये म्हणून गप्प बसतो. ही भीड रास्त नव्हे.

कोणता उपाय खरा, हे ठरविण्याची रीत शेतकऱ्यास नवी नाही. नव्या वाणाची पारख करावयाची झाल्यास एकाच शेतात शेजारी शेजारी दोन पट्टे घेतले जातात. एकात नवे वाण, दुसऱ्यात नेहमीचे. खत, पाणी व मशागत दोहोंस सारखीच. मग उत्पन्नात जो फरक दिसेल तो वाणाचा, असे म्हणता येते. नवे वाण काळ्या जमिनीत व जुने मुरमाड जमिनीत पेरले, तर त्या तुलनेस काहीच अर्थ उरत नाही. औषधाचेही तसेच आहे.

पाल्याच्या रसाने अमका वाचला, असे सांगितले जाते. परंतु आपल्याकडील बहुतेक साप बिनविषारी आहेत. नाग, मण्यार, घोणस व फुरसे हे विषारी सापदेखील कित्येकदा विष न सोडताच चावतात. अशी माणसे कोणत्याही उपचाराने, किंवा उपचाराविनाही, बरी व्हावयाचीच. वाचलेल्यांचा गवगवा होतो आणि दगावलेल्यांची वेळ भरली होती, असे म्हणून समाधान केले जाते. म्हणजे येथे जोडीचा पट्टा कोणी पाहिलेलाच नसतो.

तो पाहण्याचे काम मुंबईत परळ येथील हाफकिन संस्थेत झाले. डॉ. म्हसकर व फादर कायस यांनी सर्पदंशावर गुणकारी म्हणून नावाजलेल्या तीनशेहून अधिक वनस्पती जमवून, सापाचे विष दिलेल्या प्राण्यांवर त्यांची परीक्षा केली. १९३१ साली त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यांपैकी एकाही वनस्पतीने विष उतरले नाही. हे दोघे वनस्पतींचे द्वेष्टे नव्हते. कीर्तिकर व बसू यांच्या भारतीय औषधी वनस्पतींवरील विख्यात ग्रंथाच्या दुसऱ्या आवृत्तीच्या संपादकांत दोघांचाही समावेश होता. वनौषधींविषयी आदर असूनही त्यांनी प्रयोगात जे दिसले तेच सांगितले.

ही कसोटी केवळ जुन्या उपायांसाठी आहे, असेही समजू नये. हाफकिनने तयार केलेल्या विंचवाच्या प्रतिविषासही तिच्यातून जावे लागले. महाड येथील डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशावर प्राझोसिन हे औषध पूर्वीच रूढ केले होते. प्रतिविषाची भर घातल्याने अधिक लाभ होतो का, हे पाहण्यासाठी ३५-३५ रुग्णांचे दोन गट करण्यात आले. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार दोन्ही औषधे दिलेल्यांपैकी ३२ रुग्ण १० तासांत पूर्ण बरे झाले. केवळ प्राझोसिन दिलेल्यांपैकी ८.

उलट, या कसोटीतून जुन्या वनस्पतीचे मोलही सिद्ध होऊ शकते. हाफकिनपासून जवळच असलेल्या केईएम रुग्णालयात डॉ. शरदिनी डहाणूकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी गुळवेलीचा अभ्यास केला. पित्तमार्ग बंद होऊन कावीळ झालेल्या ३० रुग्णांपैकी काहींना नेहमीचे उपचार देण्यात आले, तर इतरांना त्याच उपचारांच्या जोडीस गुळवेल. १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात गुळवेल घेतलेल्यांमध्ये शस्त्रक्रियेनंतर रक्तातील जंतुदोष व मृत्यू कमी आढळले. रुग्णसंख्या लहान होती, हे मात्र विसरता कामा नये. शिवाय नेहमीचे उपचार कोणाचेही बंद केलेले नव्हते.

पुढे करोनाच्या साथीत अनेकांनी गुळवेलीचा काढा मनानेच सुरू केला. २०२१ साली मुंबईतील डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृतास इजा झालेल्या ६ रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने तिच्याशी असहमती दर्शविली. हा वाददेखील काळजीपूर्वक केलेल्या परीक्षेनेच मिटेल. अभिमानाने किंवा उपहासाने नव्हे. तोवर 'झाडपाल्याचे आहे, अपाय कसला?' असे कोणी म्हणू नये. जे औषध शरीरावर गुण करते ते अपायही करू शकते.

म्हणून ग्रामकार्यकर्त्याने आजीबाईच्या बटव्याची थट्टा करू नये, आणि सर्पदंशाच्या प्रसंगी मौनही पाळू नये. दंश झालेल्या माणसास धीर द्यावा, दंशाचा अवयव हलू देऊ नये, जखम कापू वा चोखू नये, घट्ट आवळपट्टी बांधू नये, आणि १०८ क्रमांकास बोलावून किंवा मिळेल त्या वाहनाने, सापाचे प्रतिविष उपलब्ध असलेल्या जवळच्या सरकारी रुग्णालयात तत्काळ न्यावे. घरच्यांची श्रद्धा असेल तर त्यांनी देवाचे नाव वाटेत घ्यावे. गाडी मात्र थांबवू नये.

बियाणे पारखून घेणाऱ्या शेतकऱ्याने औषधही पारखूनच घ्यावे. पीक बुडाले तर पुढील हंगाम असतो. माणूस गेला तर त्यास दुसरा हंगाम नाही.