५७८ मतांचा फरक आणि पाच यंत्रांचा नमुना

२०१८ च्या मध्य प्रदेश विधानसभा निवडणुकीत जबलपूर उत्तर मतदारसंघाचा निकाल ५७८ मतांनी लागला. काँग्रेसचे विनय सक्सेना विजयी झाले. भाजपचे तत्कालीन मंत्री शरद जैन पराभूत झाले. त्याच निवडणुकीत ग्वाल्हेर दक्षिणमधील फरक तर अवघा १२१ मतांचा होता. २३० जागांच्या सभागृहात काँग्रेसला ११४ आणि भाजपला १०९ जागा मिळाल्या, म्हणजे अशा मोजक्या अटीतटीच्या जागांनी राज्याचे सरकार ठरवले. या निकालांवर कोणताही आरोप येथे अभिप्रेत नाही. प्रश्न मोजमापाचा आहे: फरक इतका लहान असताना मोजणी बरोबर असल्याची खात्री किती, आणि ती हरलेल्या पक्षाला कशी पटवून द्यायची?

मतदार बटण दाबतो तेव्हा त्याच्या मताच्या दोन नोंदी होतात. एक यंत्राच्या स्मृतीत, दुसरी व्हीव्हीपॅटच्या कागदी चिठ्ठीवर. ही चिठ्ठी काचेआड सात सेकंद दिसते आणि मग बंद पेटीत पडते. पहिली नोंद वेगाने मोजता येते, पण डोळ्यांनी पाहता येत नाही. दुसरी मोजायला वेळ लागतो, पण ती मतदाराने स्वतः पाहिलेली असते. म्हणून पहिलीची पडताळणी दुसरीने करणे हेच शास्त्रशुद्ध. वाद आहे तो किती यंत्रांची पडताळणी करायची याचा.

२०१८ मध्ये प्रत्येक विधानसभा मतदारसंघात चिठ्ठी टाकून निवडलेल्या एकाच केंद्राची पडताळणी होत असे. ८ एप्रिल २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही संख्या पाच केली. त्याआधी भारतीय सांख्यिकी संस्थेच्या तज्ज्ञांनी आयोगाला सांगितले होते की संपूर्ण देशातून ४७९ यंत्रांचा नमुना पुरेसा आहे. त्यात एकही विसंगती आढळली नाही, तर सदोष यंत्रे दोन टक्क्यांहून कमी असल्याची खात्री ९९.९९ टक्क्यांहून अधिक असते. हे गणित अचूक आहे. मात्र ते एका विशिष्ट प्रश्नाचे उत्तर आहे.

येथे दोन वेगळे प्रश्न एकमेकांत मिसळले जातात. पहिला: राज्यभर वा देशभर मोठ्या प्रमाणावर फेरफार झाला आहे का? दुसरा: या एका मतदारसंघात विजयी घोषित झालेला उमेदवार खरोखर विजयी आहे का?

पहिल्या प्रश्नाला सध्याची पद्धत भक्कम उत्तर देते. २०२४ च्या महाराष्ट्र विधानसभा निवडणुकीत २८८ मतदारसंघांतील १४४० व्हीव्हीपॅटच्या चिठ्ठ्या मोजल्या गेल्या आणि कोठेही तफावत नसल्याचे निवडणूक यंत्रणेने जाहीर केले. राज्यातील एक टक्का केंद्रांवर जरी गडबड असती, तरी एवढ्या यादृच्छिक नमुन्यात ती एकदाही न सापडण्याची शक्यता दहा लाखांत एकाहून कमी आहे. ‘सगळी यंत्रेच फिरवली’ असे म्हणणाऱ्यांनी हा आकडा लक्षात घ्यावा.

दुसऱ्या प्रश्नाची गोष्ट निराळी. २०० केंद्रांचा एक मतदारसंघ कल्पनेत घ्या. एक मत इकडचे तिकडे गेले की फरक दोनने बदलतो, म्हणून ५७८ चा निकाल उलटायला २९० मते पुरतात. दहा केंद्रांवर प्रत्येकी तीस मते सरकली तरी काम झाले. पाच केंद्रांच्या नमुन्यात त्या दहांपैकी एकही न येण्याची शक्यता सुमारे ७७ टक्के. एकाच केंद्राच्या नमुन्यात ९५ टक्के. याउलट फरक ५०,००० चा असेल आणि त्यासाठी शंभर केंद्रांवर प्रत्येकी अडीचशे मते हलवावी लागत असतील, तर पाचच केंद्रांत ती चोरी निसटण्याची शक्यता केवळ तीन टक्के उरते. नमुना तोच, खात्री मात्र मताधिक्यावर अवलंबून.

यावरचा उपाय ज्ञात आहे: नमुन्याचा आकार मताधिक्याशी जोडायचा. कॅलिफोर्नियातील संख्याशास्त्रज्ञ फिलिप स्टार्क यांनी मांडलेली ही पद्धत अमेरिकेतील कोलोरॅडो राज्याने २०१७ पासून राज्यभर लागू केली. वरच्या उदाहरणात सुमारे पन्नास केंद्रे तपासली, तर गडबड सापडण्याची शक्यता ९५ टक्क्यांच्या घरात जाते. फरक शे-दीडशेचा असेल तर सर्वच चिठ्ठ्या मोजाव्यात. निम्म्या यंत्रांच्या चिठ्ठ्या मोजल्यास निकाल सुमारे सहा दिवस लांबेल, असे आयोगाने २०१९ मध्ये न्यायालयाला सांगितले होते. तो आक्षेप येथे बराचसा गळून पडतो, कारण जास्तीचे श्रम केवळ अटीतटीच्या जागांवर पडतात. आजही नियम ५६ डी नुसार उमेदवार चिठ्ठ्या मोजण्याची मागणी करू शकतो, पण मान्य करायची की नाही हे निवडणूक निर्णय अधिकारी ठरवतो. खात्री अशी कोणाच्या मर्जीवर सोडू नये.

असा मार्ग नसला की काय होते, हे माळशिरस तालुक्यातील मारकडवाडीने दाखवले. २०२४ मध्ये तेथे भाजपचे राम सातपुते यांना १००३ आणि राष्ट्रवादी (शरद पवार) पक्षाचे उत्तमराव जानकर यांना ८४३ मते मिळाली. मतदारसंघ जानकरांनी जिंकला होता, तरी गावातील आकडा त्यांच्या समर्थकांना पटला नाही. त्यांनी ३ डिसेंबरला मतपत्रिकेवर पुन्हा मतदान घ्यायचे ठरवले. प्रशासनाने जमावबंदी लागू केली आणि बेत रद्द झाला. विज्ञानाच्या दृष्टीने फेरमतदान ही पडताळणी नव्हेच. वेगळ्या दिवशी, वेगळ्या दडपणाखाली दिलेले मत हे नवे मत असते. खरा पुरावा सीलबंद पेट्यांतील चिठ्ठ्यांत होता. पण निकालानंतर तिथवर पोहोचायला निवडणूक याचिकेखेरीज गावकऱ्यांपुढे सोपी वाट नव्हती. शंकेला उत्तर म्हणून पोलीस आले आणि शंका होती तशीच राहिली.

जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयाने २००९ मध्ये म्हटले की निवडणुकीचे महत्त्वाचे टप्पे सामान्य नागरिकाला तांत्रिक ज्ञानाविना तपासता आले पाहिजेत. भारताकडे त्यासाठी लागणारा कागद प्रत्येक केंद्रावर आधीच तयार होतो. तो किती मोजायचा, एवढेच ठरवायचे आहे. भौतिकशास्त्रात अनिश्चितता न सांगता दिलेले मोजमाप अपुरे मानतात. ५७८ चा निकाल जाहीर करतानाही त्यामागची खात्री किती, हे हरलेल्या उमेदवाराच्या मतदाराला सांगता आले पाहिजे.