गृहविज्ञान : संगणकांतील आगंतुक

बारामतीनजीकच्या कन्हेरी गांवाहून एका वाचक भगिनींचें पत्र आलें आहे. कन्हेरीचें नांव वर्तमानपत्रांत येतें तें बहुधा तेथील मारुतीपुढें फुटणाऱ्या निवडणुकीच्या नारळामुळें. हा प्रश्न मात्र कोणत्याहि गांवच्या घरांतला आहे. त्यांच्या घरच्या संगणकावर नसत्या जाहिराती आपोआप उघडतात, यंत्र मंद झालें आहे, आणि मधूनच "आपल्या संगणकांत विषाणु शिरले आहेत, या क्रमांकावर त्वरित दूरध्वनि करा" अशी लाल पाटी झळकते. दुरुस्ती करणाऱ्या गृहस्थांनीं सर्व कांहीं पुसून टाकण्याचा सल्ला दिला. परंतु त्याच यंत्रांत त्यांच्या कैलासवासी सासूबाईंच्या जात्यावरच्या ओव्या, खुद्द त्यांच्याच आवाजांत, सांठविलेल्या आहेत आणि त्यांची दुसरी प्रत कोठेंहि नाहीं. यंत्र शुद्ध करावें तर आवाज जातो, आवाज राखावा तर रोग राहतो. तेव्हां काय करावें, असें त्या विचारतात.

आवाज राखून रोग घालवितां येतो, असें त्यांना प्रथमच सांगून टाकतों. फक्त कोणतें काम आधीं आणि कोणतें मागून, हें नीट सांभाळलें पाहिजे.

ती लाल पाटी हा चोराचाच निरोप आहे. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या सूचनेंत दूरध्वनीचा क्रमांक कधींच नसतो. तेव्हां त्या क्रमांकाच्या वाटेला न जातां आधीं यंत्राची इंटरनेटची जोडणी तोडावी. उंसावर काणी पडली म्हणजे जाणता शेतकरी रोगट बेटाचा पट्टा पोत्यानें झांकतो आणि मगच तें बेट उपटतो. नाहीं तर काळी भुकटी वाऱ्यावर उडून सगळा फड बाधतो. येथेंहि रीत तीच.

यानंतर ओव्या बाहेर काढाव्या. संगणकांत कांहीं वस्तु आज्ञेच्या स्वरूपाच्या असतात, त्या यंत्राकडून काम करवितात. बाकीच्या नुसत्या सामग्रीच्या, ज्या आपण पाहतों, ऐकतों वा वाचतों. मालवेअर म्हणतात तें पहिल्या प्रकारचें. ओव्या आणि छायाचित्रें दुसऱ्या प्रकारचीं. म्हणून एका नव्या, कोऱ्या बाह्य डिस्कवर केवळ सामग्री उतरून घ्यावी, एकहि प्रोग्रॅम घेऊं नये. मात्र वेष पालटून आलेल्यांकडे लक्ष असावें. 'ओवी.एमपीथ्री' हें गाणें, 'ओवी.एमपीथ्री.ईएक्सई' हा गाण्याचें पागोटें घातलेला चोर. नांवाचें हें शेपूट विंडोज सहसा झांकून ठेवतें (ही खोड कोणाच्या डोक्यांतून निघाली कोण जाणे!); तें दिसेल अशी सोय आधीं चालू करून घ्यावी. उतरून झाल्यावर डिस्क काढून ठेवावी, आणि तपासल्यावांचून दुसऱ्या कोणत्याहि यंत्रास लावूं नये.

आतां शुद्धीकरण. ही विद्या आपल्या प्रांताला परकी नाहीं. १९८६ सालीं लाहोरच्या दोघां भावांनीं 'ब्रेन' नांवाचा विषाणु लिहिला; पुढें पुण्यांत दुसऱ्या दोघां भावांनीं, कैलास व संजय काटकर यांनीं, दुरुस्तीस येणाऱ्या यंत्रांतील असे विषाणु काढतां काढतां एक स्वदेशी अँटिव्हायरसच उभा केला. १९९३ सालीं निघालेली त्यांची कंपनी २००७ पासून क्विक हील या नांवानें चालते. केंद्र सरकारनेंहि २०१७ सालीं 'सायबर स्वच्छता केंद्र' काढलें. तेथून शोधनाचीं साधनें विनामूल्य मिळतात.

पण चोर घरांतलाच गडी होऊन बसला असतां त्यालाच चौकशीला नेमण्यांत अर्थ नसतो. विंडोज चालू असतांना केलेला तपास कित्येकदां फसतो तो याच कारणानें. विंडोजच्या स्वतःच्या डिफेंडरांत 'ऑफलाइन स्कॅन' ही सोय आहे. तींत यंत्र बंद होऊन पुन्हां सुरू होतें आणि विंडोज पुरतें जागें होण्यापूर्वींच झडती घेतलीं जाते. पाव तासाचें काम आहे. त्यानंतर ओळख नसलेले प्रोग्रॅम काढावे, ब्राउझरला चिकटलेल्या पुरवण्या उपटाव्या आणि पूर्ण तपास पुन्हां एकदां करावा.

इतकें करूनहि लक्षणें उरलीं, किंवा त्या यंत्रावरून बँकेचे व्यवहार होत असले, तर सर्व पुसून विंडोज नव्यानें बसवावें, असेंच आमचें स्पष्ट मत आहे. त्या गृहस्थांचा सल्ला चूक नव्हता. तो एक पायरी आधीं दिला गेला, इतकेंच. विंडोज १० असल्यास त्याचा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपला, हेंहि नवें बसवितांना ध्यानांत असावें.

यंत्र शुद्ध झालें तरी चोरलेल्या किल्ल्या चोराजवळच राहतात, ही गोष्ट बहुतेक घरांत विसरली जाते. २०१८ च्या ऑगस्टांत पुण्याच्या कॉसमॉस बँकेंत मालवेअर शिरवून सुमारें ९४ कोटि रुपये लांबविले गेले. यंत्राची नासधूस करणें हा त्या चोरांचा हेतूच नव्हता. म्हणून सर्व पासवर्ड बदलावे, आणि ते आजारी यंत्रावरून नव्हे, तर दुसऱ्या निर्दोष यंत्रावरून. प्रथम ई-मेलचा, कारण त्याच्या आधारें बाकीचीं कुलुपें उघडतां येतात, मग बँकेचा. पैसे गेल्याचें दिसल्यास त्याच क्षणीं बँकेला कळवून १९३० या सरकारी क्रमांकावर तक्रार नोंदवावी. तेथें घटकाभराचा उशीरहि नडतो.

शेवटीं ती डिस्क शुद्ध यंत्रास लावून, कांहीं न उघडतां, आधीं तपासून घ्यावी; रोगट बेणें पुन्हां लावलें तर पहिली मेहनत फुकट जाते. मग ओव्या परत आणाव्या आणि त्यांच्या आणखी दोन प्रति कराव्या. एक कपाटांत, यंत्रापासून सुटी, कारण खंडणीखोर मालवेअर जोडलेल्या डिस्कांनाहि कुलूप घालतें; आणि दुसरी नणंदेच्या घरीं.