न पाठवलेला शोधनिबंध

आपल्या मंडळातील तरुण सभासद भेटले की अलीकडे एक प्रश्न हमखास येतो : ‘‘मॅडम, पेपर लवकरात लवकर कुठे छापून येईल?’’ प्रश्न विचारणाऱ्यांना मी दोष देत नाही. वैद्यकीय महाविद्यालयांत बढतीच्या वेळी शोधनिबंधांची मोजदाद होते आणि ज्याची मोजदाद होते त्याच्यामागे माणूस धावतोच. तरीही हा प्रश्न चुकीच्या टोकाकडून सुरू होतो असे मला वाटते. निबंध कुठे छापावा हा शेवटचा प्रश्न आहे. आपल्याला नेमके काय म्हणायचे आहे आणि ते खरे आहे का, हा पहिला. हे मत मांडण्याचा अधिकार मला माझ्या छापून आलेल्या लेखनाने दिलेला नाही. तो एका न पाठवलेल्या शोधनिबंधाने दिला आहे, म्हणून त्याची हकीकत आधी सांगते.

इंदूरच्या आसपास बालरोगचिकित्सा करणाऱ्या प्रत्येकाने पाहिलेले एक चित्र आहे. देवास, धार, खरगोनकडच्या खेड्यांतून सहा महिने ते दोन वर्षे वयाचे बाळ येते. अंगाने गुबगुबीत, पण फिकट. केस विरळ आणि तांबूस. बोटांच्या पेरांवर काळसर झाक. बसू लागलेले बाळ बसेनासे होते, हसणे विसरते आणि मग त्याचे हातपाय, डोके थरथरू लागते. ‘इन्फंटाइल ट्रेमर सिंड्रोम’ या नावाने आपण हा विकार ओळखतो. बाळ बहुधा केवळ अंगावरच्या दुधावर असते, आई शाकाहारी असते आणि दोघांच्याही शरीरात बी-१२ जीवनसत्त्वाची वानवा असते. उपचार सुरू केले की बाळ काही दिवसांत आईकडे पाहू लागते, हसते. थरथर काही आठवड्यांत ओसरते. बालरोगतज्ज्ञाला इतके समाधान देणारे आजार फार थोडे आहेत.

२००९ साली मी अशा ४१ बालकांचे केसपेपर एकत्र केले, निबंध लिहिला आणि एका नियतकालिकाकडे पाठवला. त्यातले शेवटचे वाक्य मला अजून आठवते : ‘सर्व बालके पूर्ववत झाली.’ काही महिन्यांनी निबंध परीक्षकांच्या शेऱ्यांसह परत आला. एका परीक्षकाने तीन प्रश्न विचारले होते. यांपैकी किती बालके पुन्हा तपासणीस आली आणि किती काळ येत राहिली? त्यांचा विकास कोणत्या चाचणीने मोजला? जी आलीच नाहीत, त्यांची गणना कशात केली?

मला राग आला. सकाळ-संध्याकाळ दवाखाना चालवणाऱ्या व्यक्तीला असे प्रश्न विचारणे म्हणजे निव्वळ अडवणूक, असे मी घरी बोलूनही दाखवले. राग ओसरल्यावर केसपेपर पुन्हा काढले. ४१ पैकी १५ बालकांची दुसरी भेट नोंदलेलीच नव्हती. मी त्यांना बऱ्या झालेल्यांत धरले होते. ‘आले नाहीत, म्हणजे बरे झाले असतील’ हे माझ्या मनातले वाक्य निबंधात आकड्याचे रूप घेऊन बसले होते. मी खोटे लिहिले नव्हते. पण जे मला ठाऊक नव्हते, ते ठाऊक असल्यासारखे लिहिले होते. रुग्णाच्या दृष्टीने या दोहोंत फारसे अंतर नाही.

माझे कंपाउंडर आणि मी त्या पंधरा घरांचा शोध घेऊ लागलो. कुठे पोस्टकार्ड टाकले, कुठे गावातल्या दुकानदाराच्या फोनवर निरोप ठेवला. नऊ घरे सापडली, सहा अखेरपर्यंत सापडली नाहीत. नवांपैकी चार बालके उत्तम होती. चार चालत-खेळत होती, पण तिसरे वर्ष उलटूनही दोन शब्द जोडून बोलत नव्हती. एक बाळ माझ्याकडून गेल्यावर दोन महिन्यांनी न्यूमोनियाने दगावले होते. न बोलणाऱ्या एका मुलाच्या वडिलांना मी फोनवर विचारले, ‘‘पुन्हा दाखवायला का आणले नाही?’’ ते सरळपणे म्हणाले, ‘‘मैडमजी, काँपना तो बंद हो गया था.’’

त्यांचे काय चुकले? थरथर थांबली की बाळ बरे झाले, असे मीच त्यांना सांगितले होते आणि तेच मी निबंधातही लिहिले होते.

खरा निबंध आता माझ्या हाती आला होता. त्याचा दावा लहान होता : थरथर थांबते, पण तेथे उपचार संपत नाहीत, बालकाच्या विकासावर पुढेही लक्ष ठेवावे लागते आणि आमच्यासारख्या दवाखान्यातून तेच निसटते. पहिल्या दाव्यापेक्षा हा लहान दावा कितीतरी उपयोगाचा होता. पण मी तो पाठवला नाही. परीक्षकासमोर आपली चूक कबूल करणे मला कमीपणाचे वाटले. कागद कपाटात गेले. बी-१२ च्या दीर्घ अभावानंतर काही बालकांचा बौद्धिक विकास मागे राहतो, हे आज पाठ्यपुस्तकांत आहे. मात्र त्या काळात माझ्यासारख्याच आणखी किती दवाखान्यांतून ‘बरे झाले’ म्हणून बाळे घरी गेली असतील, हा विचार मला आजही स्वस्थ बसू देत नाही. निबंध परत आला यात माझे नुकसान नव्हते. मी तो दुरुस्त करून पाठवला नाही, यात इतरांचे होते.

म्हणूनच माझे म्हणणे असे की, शोधनिबंधाची तयारी ही प्रथम आपल्याच व्यवसायाची तपासणी आहे. निबंधाचा ठरीव साचा अनेकांना जाचक वाटतो. १९७८ साली व्हँकुव्हर येथे काही वैद्यकीय नियतकालिकांचे संपादक एकत्र आले आणि हस्तलिखित कसे असावे याचे समान नियम त्यांनी आखले. आपण आजही संदर्भ बहुधा ‘व्हँकुव्हर’ पद्धतीनेच देतो. या साच्यातील प्रत्येक विभाग आपल्याला एकेक प्रश्न विचारतो. ‘पद्धती’ विचारते, तुम्ही नेमके काय केले? ‘निष्कर्ष’ विचारतात, नेमके काय आढळले? आणि ‘मर्यादा’ विचारतात, तुम्हाला काय ठाऊक नाही? माझ्या पहिल्या हस्तलिखितात मर्यादांचा परिच्छेदच नव्हता. तो लिहायला बसले असते, तर परीक्षकाचे तिन्ही प्रश्न मलाच सुचले असते.

‘आम्ही खासगी व्यवसाय करणारे, संशोधन हे मोठ्या संस्थांचे काम’ असा आक्षेप येतो. त्याचे उत्तर महाडसारख्या लहान गावाने दिले आहे. डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी कोकणातील विंचूदंशाच्या रुग्णांची निरीक्षणे १९८२ साली ‘लॅन्सेट’मध्ये मांडली, १९८६ साली त्याच नियतकालिकात प्राझोसिनच्या उपयोगाविषयी लिहिले आणि २०११ साली ‘बीएमजे’मध्ये प्रतिविष व प्राझोसिन यांची एकत्रित चाचणी प्रसिद्ध केली. जपानचे बालरोगतज्ज्ञ तोमिसाकू कावासाकी यांनी १९६१ साली पहिला रुग्ण पाहिला, नोंदी करत राहिले आणि १९६७ साली ५० बालकांचा वृत्तांत जपानी भाषेत छापला. इंग्रजीत तो १९७४ साली आला. आज आपण त्या आजाराचे नाव रोज घेतो. या दोघांचे भांडवल एकच : नीट ठेवलेली नोंद.

पण लेखणीबरोबर सचोटी नसेल तर काय होते, हेही पाहावे. ऑस्ट्रेलियातील डॉ. विल्यम मॅकब्राइड यांनी डिसेंबर १९६१ मध्ये थॅलिडोमाइड आणि अर्भकांतील व्यंगांविषयी ‘लॅन्सेट’ला एक छोटेसे पत्र लिहिले आणि जगाला सावध केले. त्याच मॅकब्राइडांनी पुढे दुसऱ्या एका औषधाविषयीच्या प्रयोगांत आकडे फिरवल्याचे सिद्ध झाले आणि १९९३ साली त्यांचे नाव डॉक्टरांच्या नोंदवहीतून काढले गेले. काही ओळींच्या खऱ्या पत्राने मिळवलेले सारे एका खोट्या निबंधाने घालवले.

आपल्याकडील प्रलोभने इतकी नाट्यमय नसतात. ती घरगुती असतात, म्हणूनच ओळखू येत नाहीत. पहिले म्हणजे स्नेहापोटी नावे घालणे. माझ्या त्या हस्तलिखितावर चार नावे होती. त्यांतील दोघांनी एकही केसपेपर पाहिला नव्हता. वैद्यकीय संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीचा नियम स्पष्ट आहे : कामात वाटा, लेखनात वाटा, अंतिम मसुद्याला संमती आणि सर्व मजकुराची जबाबदारी, या चारही गोष्टी असतील तरच लेखक. बाकीच्यांचे आभार मानावेत. त्या दोघांपैकी एकाने जरी केसपेपर वाचले असते, तरी ते पंधरा रुग्ण नजरेतून सुटले नसते. दुसरे प्रलोभन म्हणजे पैसे घेऊन चार दिवसांत निबंध ‘स्वीकारणारी’ नियतकालिके. मानधनाविना काम करणारा परीक्षक आपल्याला जे कटू प्रश्न विचारतो, नेमके तेच टाळण्याची किंमत आपण तेथे मोजतो. तिसरे अगदी अलीकडचे. यंत्राकडून इंग्रजी सुधारून घेण्यात गैर नाही, परंतु अस्तित्वात नसलेले संदर्भही ते सफाईने रचून देते. यंत्राला लेखक म्हणता येत नाही आणि त्याची मदत घेतली असल्यास ती जाहीर करावी लागते, हे वर उल्लेखिलेल्या समितीने २०२३ पासून नमूद केले आहे.

इंग्रजीची भीती मात्र मला समजते. आपण इंदूरकर मराठी घरी मराठी बोलतो, रुग्णांशी हिंदी बोलतो आणि निबंध इंग्रजीत लिहितो. माझा सल्ला असा : पहिला मसुदा ज्या भाषेत विचार येतो तिच्यात लिहावा. ‘पूर्ववत झाली’ म्हणजे नेमके काय, हे मातृभाषेत स्वतःला फसवून सांगणे अवघड जाते.

केवळ उपदेश करून थांबू नये, म्हणून मंडळापुढे एक सूचना ठेवते. महिन्यातून एका रविवारी आपण ‘मसुदा-वाचन’ ठेवावे. ज्याने निबंध किंवा एखाद्या रुग्णाचा वृत्तांत लिहिला असेल, त्याने तो वाचावा आणि इतरांनी परीक्षकाच्या भूमिकेतून तीन प्रश्न विचारावेत. माहिती गोळा करण्याआधीच नैतिक समितीची मान्यता आणि पालकांची संमती यांविषयी ज्येष्ठांनी मार्गदर्शन करावे. कोणते नियतकालिक योग्य, त्याच्या लेखकांसाठीच्या सूचना काय, परीक्षकांना मुद्देसूद उत्तर कसे द्यावे, हे तेथेच शिकता येईल. एका वेळी एकाच नियतकालिकाकडे निबंध पाठवावा, एवढी साधी गोष्टही अनेकांना कोणी सांगितलेली नसते. निबंध परत आलेल्यांनी तर अवश्य यावे; शिकण्यासारखे त्यांच्याचकडे अधिक असते.

माझ्या दवाखान्यात आता एक वेगळी वही आहे. थरथरीचे प्रत्येक बाळ त्या वहीत नोंदले जाते. दोन फोन नंबर लिहून घेतले जातात आणि ठरलेल्या महिन्याला आमच्याकडून फोन जातो. फोनवर थरथरीविषयी आम्ही शेवटी विचारतो. पहिला प्रश्न असतो, ‘‘बोलता है क्या?’’ हा प्रश्न मला त्या अनामिक परीक्षकाने शिकवला. त्यांचे आभार निबंधाच्या शेवटी मानायचे राहून गेले, ते येथे मानते.