परका प्लग आणि घरचें सॉकेट

मुलगा, पुतण्या किंवा नात परदेशीं नाहीं असें सुशिक्षित कुटुंब हल्लीं विरळाच. ही मंडळी सुटीला घरीं आली कीं पेटींतून प्रेमाच्या जिनसा निघतात, आणि त्यांतील निम्म्यांना तरी विजेचा प्लग असतो. या प्लगाविषयीं आज चार शब्द लिहिण्याचें योजिलें आहे. उपदेश करण्याचा माझा अधिकार इतकाच, कीं चूक माझ्या घरीं झाली आणि ती माझ्याच हातून झाली.

गेल्या दिवाळींत धाकट्या पुतण्यानें जर्मनींतून पाणी उकळण्याची विजेची किटली आणिली. पात्र पोलादी, चकचकीत; प्लगाला दोन वाटोळ्या पिना. आपल्या सहा अँपिअरच्या सॉकेटचीं खालचीं दोन भोकेंही वाटोळीं, आणि दोहोंमधील अंतरही जवळजवळ तेंच. परंतु सॉकेटच्या आंत झडपा असल्यामुळें पिना आंत जाईनात. तेव्हां मीं पेन्सिलीचा तुकडा वरच्या मोठ्या भोकांत दाबून झडपा उघडल्या, प्लग आंत सारला, आणि स्वतःच्या युक्तीवर मनांतल्या मनांत खूषही झालों.

तिसऱ्या दिवशीं सकाळीं आमच्या सौ.चा एक ओला हात किटलीवर व दुसरा नळावर असतां त्यांना असा झटका बसला कीं, त्या किंचाळून मागें कोसळल्या. सूनबाईंनीं प्रसंगावधान राखून आधीं बटण बंद केलें आणि मगच सासूबाईंना हात लावला. ईश्वरकृपेनें कोपर खरचटण्यावर निभावलें. वायरमन आला, प्लग पाहून एवढेंच म्हणाला, “गुरुजी, प्लग बसला खरा, पण याला अर्थिंग कुठं आहे?”

रूप सारखें दिसलें म्हणून अर्थ सारखा मानूं नये, असें मी जन्मभर मुलांना सांगत आलों. येथें रूपालाच भुललों!

जर्मन प्लगाच्या अर्थिंगची सोय पिनेंत नसून बाजूंच्या धातूच्या पट्ट्यांत असते. तेथील खोलगट सॉकेटांतील पट्ट्या त्यांना येऊन भिडतात. आपल्याकडे तें काम वरची जाड व लांब पिन करते. ती लांब अशासाठीं, कीं प्लग घालतांना अर्थिंग सर्वांच्या आधीं जुळावें आणि काढतांना सर्वांच्या शेवटीं सुटावें. जर्मन प्लग आपल्या सॉकेटांत घातला तर त्याच्या पट्ट्या कशालाच लागत नाहींत. यंत्र मात्र चालू होतें, आणि फसगत होते ती येथेंच. आमच्या किटलीच्या आंतील आवरण कोठें तरी सदोष झालें होतें. अर्थिंग असतें तर पात्रांत उतरलेल्या विजेला तीच वाट मिळाली असती. ती नव्हती, म्हणून विजेनें सौ.च्या देहांतून वाट काढली.

शिवाय त्या पिना ४.८ मिलिमीटर जाडीच्या, तर आपल्या ५.१ च्या. सैल पिनेपाशीं ठिणग्या उडतात व सॉकेट तापतें. त्यांतून किटली २,२०० वॅटची. २३० व्होल्टांवर ती साडेनऊ अँपिअरांहून अधिक वीज ओढणार, आणि सॉकेट अवघें सहा अँपिअरचें!

आपली वाटोळ्या तीन पिनांची पद्धत मूळची इंग्रजांची. खुद्द त्यांनीं १९४७ मध्यें चौकोनी पिनांची, प्लगांतच फ्यूज असलेली निराळी पद्धत काढली. आपण जुनीच ठेविली. म्हणून विलायती प्लगही आज आपल्या साध्या सॉकेटांत बसत नाहीं.

अमेरिकेच्या जिनसांचा प्रश्न याहून बिकट. तेथें वीज १२० व्होल्टांची, आपल्याकडे २३० ची. बाजारांतील साधा अडॅप्टर पिनांचें तोंड बदलतो, व्होल्ट बदलत नाहीं. व्होल्ट दुपटीजवळ गेले कीं तापणाऱ्या तारेंतील शक्ति चौपटीजवळ जाते. तेथील १,००० वॅटचें केस वाळविण्याचें यंत्र येथें साडेतीन हजारांवर वॅट ओढूं पाहील आणि क्षणांत जळेल. प्लग कापून नवा बसविण्यांतही एक मेख आहे. अमेरिकन तारेंत काळा रंग जिवंत तारेचा असतो. आपल्या जुन्या घरांत तोच न्यूट्रलचा. रंगावर विसंबून जोडणी केली तर उलटी होईल.

यास्तव गृहिणींनीं व गृहस्थांनीं पुढील गोष्टी ध्यानांत ठेवाव्यात. प्रथम जिनसेवरील चिठ्ठी वाचावी. तीवर १०० ते २४० व्होल्ट असें असेल, जसें फोनच्या चार्जरवर बहुधा असतें, तर चांगल्या अडॅप्टरनें काम भागेल. एका चौकोनांत दुसरा चौकोन अशी खूण असेल, तर त्या जिनसेला अर्थिंग लागत नाहीं. परंतु किटली, इस्त्री, शेगडी अशी तापणारी, धातूच्या अंगाची, तीन तारांची वस्तु असेल, तर आधीं ती २३० व्होल्टांची आहे ना हें पाहावें, आणि मगच जाणत्या वायरमनकडून तिला आय. एस. आय. छापाचा १६ अँपिअरचा तीन पिनांचा प्लग बसवून घ्यावा. झडप पेन्सिलीनें वा काडीनें कधींही उघडूं नये. ती मुलाबाळांच्या रक्षणासाठीं आहे. आणि मीटरपाशीं ३० मिलिअँपिअरची आर. सी. सी. बी. बसवावी. एम. सी. बी. घरांतील तारांचें रक्षण करते. माणसाच्या अंगांतून वीज गेली तर ती तोडणारी ही दुसरी. तिच्यावरील चांचणीचें बटण अधूनमधून दाबून पाहावें.

आमची किटली मोडींत गेली. पुतण्याला वाईट वाटलें, तेव्हां त्याला लिहिलें, “तुझें प्रेम पोंचलें. पुढच्या खेपेस पुस्तकें आण. त्यांना प्लग नसतो.”