हाताची घडी, तोंडावर बोट

ऑटिझम असलेल्या मुलाला दहावीच्या परीक्षेत दर तासामागे २० मिनिटं जादा मिळतात, गरज असेल तर लेखनिकही मिळतो. सवलत हवीच. पण त्याआधीची दहा वर्षं ते मूल ज्या वर्गात बसतं, तिथे काय बदललं? आपल्याकडे शाळेचा सगळा विचार परीक्षेपाशी सुरू होतो, तसा या मुलांचाही होतो.

शिवाय सवलतीसाठी कागद, म्हणजे दिव्यांगत्वाचा दाखला, लागतो. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत. त्यांत ऑटिझम आहे, अध्ययन अक्षमता आहे. एडीएचडी, म्हणजे लक्ष टिकवण्याची आणि आवेग आवरण्याची अडचण, स्वतंत्रपणे नाही. पुष्कळ मुलांमध्ये या गोष्टी एकत्रच दिसतात. गंमत अशी, की २०१३पर्यंत अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांची नियमावली ऑटिझम आणि एडीएचडी ही दोन्ही निदानं एकाच मुलाला लावू देत नव्हती. वर्गातल्या बाईंना मात्र दोन्ही रोज एकाच बाकावर दिसत होती.

वर्गात ज्या गोष्टी करायच्या, त्यांना कागद लागत नाही. फळ्याच्या कोपऱ्यात दिवसाचे तास क्रमाने लिहून ठेवा आणि त्यात बदल होणार असेल तर आधी सांगा. चित्रकलेच्या जागी अचानक गणित आलं तर बाकीची मुलं हुश्श करून वही काढतात. ऑटिझम असलेल्या मुलाचा अख्खा दिवस कोलमडू शकतो. डिसेंबरात तर वेळापत्रकच नाहीसं होतं. स्नेहसंमेलनाची तालीम, मैदानावर कर्णा, कुणीही केव्हाही वर्गातून उठून नाचाला. ‘हल्ली फार त्रास देतो’ हा निरोप घरी नेमका याच दिवसांत येतो, आणि या दोन्हींचा संबंध कुणी जोडत नाही. कान झाकून बसलेल्या मुलाला आपण उद्धट म्हणतो. ‘माझ्याकडे बघून बोल’ हाही असाच हट्ट. काही मुलं नजर खिडकीकडे ठेवूनच नीट ऐकतात.

‘वही काढा, तारीख घाला, समास आखा, पान ४२ उघडा, तिसरा प्रश्न सोडवा.’ एडीएचडीचं मूल समासापर्यंत पोचतं, पुढचं हवेत जातं. एका वेळी एकच सूचना द्या. हजेरीपट ऑफिसात द्यायला, फळा पुसायला त्यालाच उठवा. आपली सर्वांत लाडकी आज्ञा हाताची घडी, तोंडावर बोट. या मुलाची सगळी ताकद ती पाळण्यातच संपते, शिकायला काही उरत नाही. आणि शिक्षा म्हणून त्याचा खेळाचा तास किंवा मधली सुट्टी कापणं तर ताबडतोब थांबवा. ज्याला हालचालीवाचून राहवत नाही, त्यालाच बसवून ठेवण्यात कसली आली शिस्त?

पन्नास-साठचा पट आणि वर माहिती भरण्याची कामं, यात एकट्या बाई काय काय करणार, हे कबूल. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१च्या आदेशानंतर केंद्र सरकारने २०२२ साली प्राथमिकला दहा दिव्यांग मुलांमागे आणि उच्च प्राथमिकला पंधरांमागे एक विशेष शिक्षक असावा, असं ठरवलं. प्रत्यक्षात एकच विशेष शिक्षक अनेक शाळा फिरतो. तो पोचतो तेव्हा मूल गैरहजर असतं, हेही होतं. पदं भरली जावीत यासाठी भांडत राहावं लागेल.

तोवर एक काम शाळेला बिनखर्चात करता येईल. कुठल्या आवाजाने हा बिथरतो, चिडला की कशाने शांत होतो, कुणाशेजारी बसला की लिहितो, हे चौथीच्या बाईंनी वर्षभर धडपडून शोधलेलं असतं. जूनमध्ये पाचवीचे सर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतात, आणि दिवाळीपर्यंतचे दिवस चुकीच्या बाकावर जातात. निकालपत्रकासोबत आईवडिलांना विचारून लिहिलेलं एक पान पुढच्या वर्गशिक्षकाकडे द्या. गुण नकोत, शेरा नको. एवढंच लिहा, की याला काय चालतं आणि काय चालत नाही.