शिकायला कसाही चालतो?

पियानो घ्यायचं ठरवल्यापासून ज्याने त्याने एकच वाक्य ऐकवलं. "अरे, शिकायलाच तर हवाय, कसाही चालतो!" मामा म्हणाला, शेजारच्या काकू म्हणाल्या, जन्मात पियानोचं झाकण न उघडलेला ऑफिसातला मित्रही म्हणाला. मी ते ऐकलं, आणि तोंडावर आपटलो. म्हणून आज हे लिहितोय. मामा, तू वाचतोयस हे माहीत आहे, रागावू नकोस :-)

तर झालं असं. लेक नऊ वर्षांची, क्लासच्या बाई म्हणाल्या घरी सराव हवा. दक्षिण मुंबईतल्या एका जुन्या घरातला विलायती उभा पियानो चाळीस हजारांत मिळत होता. काळंभोर लाकूड, पुढे मेणबत्त्या लावायच्या पितळी दांड्या... बघताक्षणी विकेट गेली. चार हमालांनी तो ठाण्याला आमच्या दुसऱ्या मजल्यावर चढवला आणि मग मी ट्यूनरला बोलावलं. मग! आधी नाही.

ट्यूनरकाकांनी वरचं झाकण उघडून टॉर्च मारला. एका पिनेला पाना लावला तर ती लोण्यात फिरावी तशी फिरली. "लाकूड गेलंय. आज लावीन, पंधरा दिवसांत उतरेल."

पियानोत सव्वादोनशेच्या आसपास तारा असतात. त्यांचा सगळा मिळून ताण पंधरा-वीस टनांच्या घरात जातो. बिडाची चौकट तो पेलते, पण प्रत्येक तार सुरात राहते ती लाकडी ठोकळ्यात घट्ट बसलेल्या पिनेमुळे. ते लाकूड चिरलं की पिना सैल, आणि मग सूर टिकत नाही. आमचा जवळजवळ अर्धा स्वर उतरलेला होता. ओढून वर न्यावा तर गंजलेल्या तारा तुटायची भीती. हातोड्यांच्या फेल्टला कसर लागलेली, ती वेगळीच.

तरी म्हटलं, शिकायलाच तर आहे. चालवू.

जुलैत लेक म्हणाली, "बाबा, माझं हे बोट नीट चालत नाही." रोज तेच. मी तिला आणखी सराव कर म्हणत राहिलो. शेवटी स्वतः बसून बघितलं तेव्हा कळलं की पावसाच्या दमटपणाने लाकूड फुगून ती पट्टीच वर येत नव्हती. बोट ठणठणीत होतं. दोन महिने पोरगी स्वतःला दोष देत होती आणि तिचा बाप त्यात भर घालत होता.

माझं भांडण आहे ते इथे. मुरलेला वादक बिघडलेल्या वाद्यावरही वेळ मारून नेतो, कारण चूक कुणाची हे त्याला कळतं. नवशिक्याला ते कळत नाही. बेसूर तंबोरा घेऊन कोणी पोराला गाणं शिकायला बसवतं का? मग पियानोलाच हा न्याय का? चांगल्या वाद्याची खरी गरज शिकणाऱ्यालाच असते.

"जुनं ते सोनं" हेही इथे विसरा. व्हायोलिनचं असेल. पियानो हे हजारो भागांचं यंत्र आहे, ते झिजतं. वरचं पॉलिश आणि झाकणावरचं नाव वाजत नाही.

मामाचा मुद्दा खोटा नाही. पोरीने सहा महिन्यांत सोडलं तर? पण धड पियानो पुन्हा विकता येतो. आमचा कोणी फुकटही नेईना, शेवटी भंगारात काढताना वर हमाली आम्हीच दिली. म्हणून विसारही न देता, आधी ट्यूनरला त्याची फी देऊन सोबत न्या. अठ्ठ्याऐंशीच्या अठ्ठ्याऐंशी पट्ट्या एकेक करून, हळू आणि जोरात, वाजवून बघा. त्याने नाही म्हटलं तर निमूट परत या, ती फी वाया गेलेली नसते. आणि तेवढे पैसे नसतील तर वजनदार पट्ट्यांचा डिजिटल पियानो घ्या. त्यात काही कमीपणा नाही. मोडका खरा पियानो मात्र आणू नका.

आम्ही वर्षभर पैसे साठवून दुसरा घेतला. जुनाच, जपानी, ट्यूनरकाकांनी तासभर उलटापालटा करून पास केलेला. दिसायला अगदीच साधा. पहिल्या दिवशी लेकीने तीच जुनी पट्टी आठ-दहा वेळा दाबून बघितली आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "येतेय वर."

मी काहीच बोललो नाही. बोलणार काय?