रजेच्या अर्जातला पत्ता

‘मनोरंजन’च्या १९०९ सालच्या दिवाळी अंकापासून जी परंपरा मराठीत रूढ झाली, तिच्यात संपादकाने पहिल्या पानावर वाचकांचे अभीष्ट चिंतावे, लेखकांचे आभार मानावेत आणि अदबीने बाजूला व्हावे, असा रिवाज आहे. यंदा तो मोडावा लागत आहे, आणि त्यास कारण झाला तो फराळाचा एक डबा. वरळी कोळीवाड्यात आमच्या गल्लीत राहणारी एक मासळीवाली गेल्या भाऊबिजेच्या आदल्या दिवशी पहाटेची गाडी धरून, जन्मठेप भोगीत असलेल्या आपल्या धाकट्या जावेच्या मुलाकातीस गेली होती. घरचे शिजलेले तुरुंगाच्या दारातून आत जात नाही हे तिला ठाऊक नव्हते असे नाही. परंतु सणासुदीला कायद्याचाही हात थोडा सैल होत असेल, अशी एक भाबडी समजूत माणसाच्या मनात असते. करंज्या गेल्या तशा परत आल्या. दुसऱ्या दिवशी तो स्टीलचा डबा, कडीही न काढलेला, तिने आमच्या ओट्यावर आणून ठेवला आणि म्हणाली, “मास्तर, तुमीच खा. आमचे घरान कोनाला गोड नाय लागनार.”

त्या जावेच्या अपराधाची चर्चा येथे करावयाची नाही. ती न्यायालयात यथासांग झालेली आहे. आम्हांला विचारावयाचे आहे ते तिच्या परतीच्या वाटेविषयी.

मराठी वाङ्मयाला तुरुंगाचे वावडे कधीच नव्हते. ‘गीतारहस्य’ मंडालेस लिहिले गेले, ‘श्यामची आई’ नाशिकच्या तुरुंगात. आणीबाणीत दुर्गाबाई भागवतांना अटक झाली तेव्हा त्यांचा मुक्काम ऑर्थर रोडला, म्हणजे आमच्या कोळीवाड्यापासून हाकेच्या नव्हे तरी चालण्याच्या अंतरावर, पडला. या बंदिवासांतून बाहेर येणाऱ्यांचे हारतुऱ्यांनी स्वागत झाले आणि ते योग्यच होते. परंतु जिच्या नावावर ना ग्रंथ ना चळवळ, केवळ एक गुन्हा किंवा गुन्ह्याचा आरोप आहे, अशी बाई तुरुंगाच्या दिंडीदरवाजातून वाकून बाहेर पडते तेव्हा रस्त्यापलीकडे तिच्यासाठी कोण उभे असते, हे आपल्या वाङ्मयाने फारसे पाहिलेले नाही.

देशातील कैद्यांत स्त्रिया शंभरात जेमतेम चार. आणि एकंदर कैद्यांत तीनचतुर्थांश अद्याप कच्चेच, म्हणजे ज्यांचा निकाल लागावयाचा आहे असे. संख्या अल्प म्हणून आवाज अल्प. पत्रकार शीला बारसे यांनी मुंबईच्या मध्यवर्ती कारागृहातील पंधरा बंदिनींशी बोलून, त्यांपैकी पाच जणींनी पोलीस कोठडीतील मारहाणीची सांगितलेली हकीकत थेट सर्वोच्च न्यायालयास कळवली, तेव्हा कोठे १९८३ साली स्त्रियांसाठी वेगळी कोठडी आणि स्त्री-शिपायांचाच पहारा असा दंडक घालून देण्यात आला. पुढे जून २०१७ मध्ये भायखळ्याच्या महिला कारागृहात मंजुळा शेट्ये ही जन्मठेपेची कैदी, जिला वॉर्डनचे काम दिलेले होते, मारहाणीनंतर मरण पावली. दोन अंडी आणि पाच पाव यांचा हिशेब जुळेना, एवढ्यावरून वाद झाल्याचे तेव्हा बाहेर आले, आणि तुरुंगातील सहा कर्मचाऱ्यांवर खुनाचा गुन्हा नोंदवला गेला. त्या दोन अंड्यांनी मुंबई काही दिवस हळहळली. नंतर पाऊस वाढला.

आता रजेविषयी. १९५९ च्या मुंबई नियमांनी शिक्षा लागलेल्या कैद्याला दोन रजा दिल्या आहेत: संचित रजा, म्हणजे फर्लो, आणि अभिवचन रजा, म्हणजे पॅरोल. पहिलीचे दिवस शिक्षेत धरले जातात, दुसरीचे धरले जात नाहीत. पहिली वर्तणुकीवर मिळते, दुसरी घरातील आजार, मरण, लग्न अशा निकडीवर. दोन्हींच्या अर्जात एक रकाना सारखाच असतो, तो म्हणजे कोठे व कोणाकडे राहणार. मग त्या पत्त्यावर पोलीस चौकशीस जातात, नातलगाचा जबाब घेतात, जामीन कोण राहणार ते विचारतात. कोळीवाड्यातील गल्ली दोन माणसे अंग चोरून जातील एवढी. तेथे हवालदाराने एका दारात विचारलेला प्रश्न दहा दारांत ऐकू जातो. पुरुष तुरुंगात गेला तर बायको त्याची वाट पाहते, त्याचा शर्ट खुंटीवर राहतो. बाई गेली की घर तिला वगळून पुन्हा मांडले जाते. नवरा दुसरी आणतो, मुले आजोळी जातात, आणि हवालदार येतो तेव्हा उत्तर मिळते, “आमचा तिच्याशी संबंध नाही.” हुकूम सही होण्याच्या कितीतरी आधी अर्ज असा उंबऱ्यावर नामंजूर होतो. मे २०२० मध्ये साथीमुळे नियमांत दुरुस्ती होऊन पात्र कैद्यांना पंचेचाळीस दिवसांची आपत्कालीन रजा मिळू लागली. आमचा कोळीवाडा मार्चअखेरच बांबू लावून बंद झालेला होता, त्यामुळे येथला पत्ता लिहिणारणीला आत जावयाचे दारही उघडे नव्हते!

पुनर्वसन हा शब्द आम्हांला काहीसा सरकारी वाटतो. तुरुंगात शिवणकाम शिकवतात, ‘प्रयास’सारखी संस्था १९९० पासून या कामाला वाहून घेऊन आहे, आणि औंधच्या राजाने आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसवून कैद्यांना कुटुंबासह राहू दिले होते, त्याची कथा शांतारामबापूंनी ‘दो आँखें बारह हाथ’मधून जगापुढे मांडली. हे सारे स्तुत्य. परंतु कोळणीच्या बाबतीत पुनर्वसनाचा अर्थ एकच आहे, आणि तो म्हणजे बाजारातील तिची जागा. ही जागा आईकडून मुलीकडे, सासूकडून सुनेकडे जाते. तेथे गिऱ्हाईक बांधलेले असते, वाटा कसा लावायचा, कोणाला उधार द्यायचे, हे त्या दोन हातांच्या जागेला ठाऊक असते. ती एकदा दुसरीकडे गेली की शिवणाच्या प्रमाणपत्राने परत मिळत नाही.

डबा आणणाऱ्या मावशींनी हे आमच्याआधी ओळखले आहे. दिराने हात झटकल्यावर जावेच्या रजेच्या अर्जावर जामीन म्हणून अंगठा त्यांनी उठवला. रकान्यात पत्ता त्यांच्या घरचा आहे. रोज सकाळी बाजारात त्या दोन पाट मांडतात. एकावर स्वतः बसतात, दुसऱ्यावर बर्फाची पाटी ठेवतात. शेजारणी कुरकुरल्या, “रिकामी जागा कशाला अडवतेस?” मावशींनी कोयता खाली न ठेवता पापलेटाचे कल्ले काढीत उत्तर दिले, “रिकामी नाय ती.”

अर्ज आषाढात गेला. चौकशी श्रावणात झाली. हा मजकूर छपाईस जाईपर्यंत हुकूम आलेला नाही.